मिलो, गाजर गवत आणि १,६६४ कोटींचा चेक : मराठवाड्याच्या ताटातली अमेरिका

पावसाळा सरता सरता छत्रपती संभाजीनगरातील मोकळे प्लॉट, रेल्वेरुळांच्या कडा आणि पडीक शेते एका पांढऱ्या बारीक फुलाने भरून जातात. गाजराच्या पाल्यासारखी पाने म्हणून कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी चटक चांदणी, तर खेड्यापाड्यांत अजूनही ‘काँग्रेस गवत’ हेच नाव चालते. हे गवत अमेरिकेने पाठवलेल्या निकृष्ट गव्हातून आले, असे घरातील वडीलधारी माणसे ठामपणे सांगतात. त्याच दमात ते बहात्तरच्या दुष्काळातील ‘मिलो’ची आठवणही काढतात. रेशनवर मिळालेली ती लालसर ज्वारी अमेरिकेत म्हणे जनावरांना घालतात. या दोन आठवणींत मराठवाड्याचे अमेरिकेविषयीचे लोकमत जवळजवळ पूर्ण सामावले आहे.

लोकस्मृतीला इतिहास म्हणून स्वीकारण्यापूर्वी तारखा तपासाव्या लागतात, आणि येथे तारखा थोड्या अडचणीच्या आहेत. पार्थेनियम हिस्टेरोफोरस या वनस्पतीची स्वतंत्र भारतातील गाजलेली नोंद पुण्याची. आर. एस. राव यांनी ती १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ज्या ‘पीएल-४८०’ योजनेवर या गवताचा आळ येतो, तिच्याखालील भारताचा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे जहाजे येण्याच्या आधीच किंवा जेमतेम त्याच सुमारास गवत पुण्यात उगवलेले होते. अमेरिकी गहू त्यापूर्वी, १९५१ च्या कर्जाखालीही आला होता, त्यामुळे धान्यातून बी आल्याची शक्यता पुसली जात नाही. मात्र पीएल-४८० वर ठेवलेला नेमका आरोप पुराव्यावर टिकत नाही. तरीही लोकांनी हा आरोप का उचलून धरला, याचे उत्तर वनस्पतीशास्त्रात नाही. त्यासाठी वॉशिंग्टनमधील धान्याच्या राजकारणाकडे वळावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे शेतकरी इतके पिकवू लागले की सरकारला ते हमीभावाने विकत घेऊन कोठारांत साठवावे लागे. कोठारे भरली, भाडे वाढले, धान्य कुजण्याची वेळ आली. दुसरीकडे शीतयुद्ध सुरू झाले होते, आणि नव्याने स्वतंत्र झालेले भुकेले देश कोणत्या गोटात जातात हा प्रश्न वॉशिंग्टनला छळत होता. या दोन अडचणी एकमेकींवरचा उपाय ठरू शकतात, हे ज्यांना उमगले त्यांनी विसाव्या शतकातील एक अत्यंत चतुर कायदा घडवला. १० जुलै १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर सही केली. अमेरिकी संसदेचा तो ४८० क्रमांकाचा सार्वजनिक कायदा, म्हणून ‘पब्लिक लॉ ४८०’. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी साहाय्याचा करार केला होता, हेही लक्षात ठेवायला हवे. एका शेजाऱ्याला शस्त्रे आणि दुसऱ्याला गहू, अशी ती विभागणी होती.

भारताला या धान्याची चव आधीच लागली होती, आणि तिच्यातील कडवटपणाही जाणवला होता. १९५१ मध्ये भारताने वीस लाख टन धान्य मागितले, तेव्हा अमेरिकी संसदेत महिनोन्‌महिने खल चालला. कोरियन युद्धात नेहरू अमेरिकेच्या बाजूने का उभे राहत नाहीत, असे विचारले गेले. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू, ज्यातून अणुऊर्जेसाठी मोलाचे थोरियम मिळते, तिच्या निर्यातीवरील बंदी भारत उठवणार का, अशीही विचारणा झाली. अखेरीस दान मिळाले नाहीच. १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. उपाशी माणसाला घास देण्यापूर्वी त्याची मते विचारायची ही रीत तेथून सुरू होते.

पीएल-४८० ची मेख डॉलर वाचवण्यात होती. धान्याची किंमत भारताने रुपयांत द्यायची आणि ते रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच जमा राहायचे. त्यांतील मोठा भाग भारत सरकारलाच विकासकामांसाठी कर्जाऊ वा अनुदान म्हणून परत मिळे, काही अमेरिकी दूतावासाच्या खर्चाला जाई आणि १९५७ च्या ‘कूली’ दुरुस्तीनंतर काही हिस्सा भारतातील अमेरिकी कंपन्यांना कर्ज म्हणून देता येई. परकीय चलनाची टंचाई असलेल्या, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद आणि यंत्रांवर सारा भर टाकलेल्या देशाला हे वरदानच वाटले. शेतीवर फार पैसा न घालता शहरांना स्वस्त भाकर देता येणार होती. दोष एकट्या अमेरिकेच्या माथी मारणे म्हणूनच अर्धसत्य ठरते. दिल्लीने हा सोपा मार्ग डोळे उघडे ठेवून पत्करला होता.

या कहाणीत महाराष्ट्राचा एक नेता ऐन मध्यभागी उभा आहे. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात आला. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, ४ मे रोजी, वॉशिंग्टनमध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री स. का. पाटील यांनी आयझेनहॉवर यांच्याशेजारी बसून पीएल-४८० चा तोवरचा सर्वांत मोठा करार केला. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ, किंमत सुमारे १२७ कोटी डॉलर. मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणवले जाणारे पाटील हे संयुक्त महाराष्ट्राचे कट्टर विरोधक. ज्या आठवड्यात त्यांच्या राज्यात लोक मराठी राज्याचा मंगल कलश मिरवत होते, त्याच आठवड्यात ते त्या राज्याच्या रेशन दुकानांसाठी गव्हाची सोय लावत होते. हा योगायोग मराठी इतिहासलेखनात फारसा नोंदला गेलेला नाही.

करारावर टीका करताना एक गोष्ट नाकारता येत नाही. हा गहू आला नसता तर मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत धान्याचे भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले असते. प्रश्न वेगळ्या ठिकाणी होता. शिकागोचे अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच इशारा दिला होता की असे फुकटप्राय धान्य घेणाऱ्या देशातील शेतमालाचे भाव पाडते आणि शेतकऱ्याची अधिक पिकवण्याची उमेद मारते. हा परिणाम किती मोठा, यावर अर्थशास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक पैलू आहे, ज्याकडे दिल्लीतील वा शिकागोतील कोणी फारसे पाहिले नाही. हा प्रदेश गव्हाचा नव्हे, ज्वारीचा. येथे पोळी सणावारी आणि भाकरी रोजची. स्वस्त गव्हाच्या रेशनने शहरी जिभेची सवय बदलत गेली, आणि कोरडवाहू शेतातील ज्वारीला मिळणारे धोरणाचे पाठबळ तोकडेच राहिले. सरकारच्या हाती गव्हाची जहाजे असताना गोदाकाठच्या काळ्या जमिनीतील शाळूची चिंता कोण करणार?

१९६५ मध्ये करारांचा हा सुखाचा काळ संपला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा नवा करार नाकारला आणि धान्य महिन्या-महिन्याच्या हिशेबाने, अनेकदा स्वतःच्या वैयक्तिक मंजुरीनेच, सोडायला सुरुवात केली. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख भारताच्या पावसाचे नकाशे आणि जहाजांची वेळापत्रके स्वतः तपासत बसे. त्या धोरणाला ‘आखूड दोरी’ असे नाव पडले, आणि भारताच्या अवस्थेचे वर्णन ‘जहाजातून थेट तोंडात’ असे होऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात भारत-पाक युद्ध झाले आणि पाऊसही दगा देऊन गेला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत तो सोमवार पुढेही पाळला जात राहिला.

जॉन्सन यांची बाजू समजून घेणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवश्यक आहे. भारत शेतीकडे दुर्लक्ष करतो, अमेरिकी करदात्याने त्याला किती काळ पोसायचे, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे भारताचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्यात गुप्त समझोता झाला, त्यात खते, बियाणे व शेतीवरील गुंतवणूक वाढवण्याची हमी भारताने दिली. सुब्रमण्यम यांना हेच बदल स्वतःलाही हवे होते. अमेरिकी दबावाचा त्यांनी मंत्रिमंडळातील विरोधकांविरुद्ध उपयोगच करून घेतला, असे म्हणता येते.

परंतु दोरी केवळ शेतीसाठी आखडली जात नव्हती. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि त्याबदल्यात मदतीचा ओघ वाढेल अशी आशा होती. जुलैत इंदिरा गांधी मॉस्कोला गेल्या. तेथे निघालेल्या संयुक्त पत्रकात व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची मागणी होती. जॉन्सन संतापले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात, बिहार सलग दुसऱ्या दुष्काळात होरपळत असताना, नव्या धान्याची मंजुरी महिनोन्‌महिने अडकून राहिली. दिल्लीतील अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स यांनी स्वतःच्याच सरकारपुढे पुन्हा पुन्हा रदबदली केली. अखेर धान्य आले, आणि ते प्रचंड होते. १९६६ या एका वर्षात भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यांतील बहुतांश अमेरिकेचे. बिहारमध्ये त्याने जीव वाचवले, हे निर्विवाद. पण जो हात वाढतो तोच आखडूही शकतो, हा धडा भारतीय राज्यकर्त्यांच्या मनावर त्या काही महिन्यांनी कायमचा कोरला. अमेरिकी सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री यांनी १९५७ मध्येच सिनेटच्या समितीपुढे या अवलंबनाचे स्वागत केले होते. लोकांनी आपल्यावर विसंबून राहावे असे वाटत असेल, तर अन्नाइतके उत्तम साधन नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे हेच हम्फ्री जॉन्सन यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. उदारमतवादी म्हणून गाजलेल्या माणसाने हे बोलावे, यात त्या काळाचा स्वभाव दिसतो.

याच वर्षांत अमेरिका दुसऱ्या वाटेनेही मराठवाड्यात शिरत होती, आणि ही वाट जालन्यातून जात होती. जालना १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तेथे हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी काढली. त्याच वर्षी भारतातील पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली. तिची मादी वाण अमेरिकेतील होती, आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने चाललेल्या कार्यक्रमातून ती घडली होती. लोकांनी तिला ‘हायब्रीड’ हेच नाव दिले. उत्पन्न भरघोस, पण भाकरीला चव नाही, आणि कापणीच्या वेळी पाऊस गाठला तर कणसे बुरशीने काळी पडत. रब्बीत मात्र हायब्रीडची डाळ शिजली नाही. तेथे जुनी मालदांडीच राज्य करीत राहिली. जहाजाने आलेल्या गव्हापेक्षा हे बियाणे वेगळे होते, कारण त्यातून येथे काही उभे राहिले. मोफत धान्याने जालन्यात एकही कारखाना उभा केला नाही. बियाण्याने तेथे अख्खा उद्योग उभा केला. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मोन्सँटोने महिकोचे २६ टक्के भाग घेतले आणि २००२ मध्ये बीटी कापूस आला, तो मात्र वेगळ्या आणि अजून न संपलेल्या वादाचा विषय आहे.

आता बहात्तर.

त्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात नरसंहार सुरू असताना राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी पाकिस्तानची पाठराखण केली, कारण चीनशी चाललेल्या गुप्त संपर्काचा दुवा इस्लामाबाद होता. डिसेंबरात युद्ध पेटताच अमेरिकेने भारताची ८.७६ कोटी डॉलरची आर्थिक मदत गोठवली आणि एंटरप्राइज ही अण्वस्त्रक्षम विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. हरित क्रांतीने पंजाबातील कोठारे भरलेली होती. आत्मविश्वास वाढलेल्या दिल्लीने १९७१ अखेर पीएल-४८० खालील सवलतीची आयात थांबवली. धान्यासाठी यापुढे कोणापुढे हात पसरायचा नाही, हा निर्णय स्वाभिमानाचा होता आणि लोकांनाही तो भावला. त्याची किंमत कोण मोजणार, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रात १९७० पासूनच पाऊस रुसला होता. १९७२ चा पावसाळा तर जवळजवळ कोरडाच गेला. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, अहमदनगर, सोलापूर या पट्ट्यात विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, माणसे मुंबई-पुण्याची वाट धरू लागली. राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या जवळपास निम्म्यावर आले. वसंतराव नाईक सरकारने दुष्काळी कामे काढली, त्यांत पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि सर्वांत जास्त खडी फोडणे होते. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या ४९ लाखांच्या घरात पोहोचली. घरातील बाई-बापे, म्हातारे, सगळेच हातोडा घेऊन उन्हात बसत. मजुरी मिळे, पण मजुरीने विकत घ्यायला धान्य हवे. कामावर वाटली जाणारी गोडसर सुकडी आणि रेशनवरची मिलो, या दोन पदार्थांनी त्या पिढीच्या स्मृतीत घर केले ते यामुळे.

मिलो हे अमेरिकेत दाण्याच्या ज्वारीला दिलेले नाव. तेथे ती प्रामुख्याने पशुखाद्य म्हणून पिकते, हे लोकांचे ऐकीव ज्ञान बरोबर होते. लालसर दाणा, पीठ चिकट नाही, भाकरी थापताना तुटणारी आणि चवीला उग्र. ज्या प्रदेशाने ज्वारीला अन्नपूर्णा मानले, त्याला ज्वारीच्याच नावाखाली परके धान्य खावे लागले. गहू वेगळा पदार्थ म्हणून खपून जाई. मिलो मात्र ओळखीच्या चेहऱ्याची परकी होती, आणि अपमानाची बोच तेथे होती.

पण ही मिलो भीक नव्हती. ‘अमेरिकेने फुकट दिलेले जनावरांचे धान्य’ ही लोकस्मृती येथे चुकते. सवलतीची पीएल-४८० आयात तोवर बंद झाली होती. स्वयंसेवी संस्थांमार्फत येणारे दानाचे अन्न तेवढे चालू होते. १९७२-७३ मधील मोठी आयात भारताने खुल्या बाजारात, परकीय चलन मोजून केली, आणि नेमक्या त्याच वेळी बाजार पेटलेला होता. १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकी कंपन्यांकडून गुपचूप सुमारे एक कोटी टन गहू उचलला होता. त्यावर अमेरिकी सरकारने निर्यात-अनुदानही दिले, कारण खरेदी किती मोठी आहे याचा त्यालाच पत्ता नव्हता. अमेरिकी वृत्तपत्रांनी या व्यवहाराला ‘धान्याचा महादरोडा’ म्हटले. कोठारे रिकामी झाली आणि पुढील दीड-दोन वर्षांत गव्हाचे जागतिक भाव तिपटीहून अधिक झाले. शत्रू म्हणून ज्याच्याशी शीतयुद्ध चालले होते त्या सोव्हिएत संघाला अमेरिकेने स्वस्त गहू विकला, आणि भारत त्या रांगेत उशिरा पोहोचला. स्वस्त गहू संपल्यावर जे परवडेल ते, म्हणजे मिलोसुद्धा, घ्यावे लागले. या कहाणीतील सर्वांत विचित्र वळण पुढे आले. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला वीस लाख टन गहू उसना दिला.

तेव्हा खडी फोडणाऱ्या बाईच्या ताटात मिलो कशी आली, याचे उत्तर एका देशावर बोट ठेवून मिळत नाही. तिच्या भाकरीत कोरडे गेलेले आभाळ होते, निक्सन यांचा पाकिस्तानकडील कल होता, दिल्लीचा स्वाभिमानी निर्णय होता, मॉस्कोची गुप्त खरेदी होती आणि १९७३ च्या वसंतात गव्हाचा घाऊक व्यापार सरकारी हाती घेण्याचा फसलेला प्रयोगही होता. तिला यांतील काहीही कोणी विचारले नव्हते. दुष्काळ उपासमारीच्या महासंहारात बदलला नाही, त्याचे श्रेय मुख्यतः त्या कामांना आणि तेथील मजुरीला जाते. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्यात रूपांतरित झाली आणि २००५ मध्ये देशभरच्या कायद्याला तिचा आधार मिळाला. अमेरिकी गव्हाच्या दोन दशकांनी महाराष्ट्राला जे दिले नाही, ते मिलोच्या एका वर्षाने दिले.

धान्य हे शस्त्र आहे, असे अमेरिकेचे कृषिमंत्री अर्ल बुट्झ यांनी त्या वर्षांत उघडपणे म्हटले. भारत त्या शस्त्राच्या माऱ्यातून निसटला होता, पण शेजारी निसटला नाही. नवजात बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली, म्हणून १९७४ मध्ये त्याची पीएल-४८० मदत अडवण्यात आली. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला हे धान्य देता येत नाही, असा नियम पुढे करण्यात आला. निर्यात थांबल्यावर धान्य सुटले, पण तोवर उशीर झाला होता. त्या वर्षीच्या दुष्काळात बांगलादेशात लाखांच्या घरात माणसे मेली. पूर आणि देशांतर्गत साठेबाजी हीही त्याची कारणे होती. तरी काही पोत्यांसाठी जहाजे रोखली गेली, ही नोंद पुसता येत नाही. त्याच काळात अमेरिकी अन्नसाहाय्याचा मोठा वाटा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडिया या युद्धग्रस्त मित्रराजवटींकडे वळवला जात होता.

जमा झालेल्या रुपयांचे काय झाले? पीएल-४८० खाली भारतात आलेले धान्य पाच कोटी टनांच्या आसपास, आणि त्याचे रुपये अमेरिकेच्या खात्यात साचत गेले. इतके की अमेरिकेला ते खर्चता येईनात आणि भारताला त्यांची धास्ती वाटू लागली. परक्या सरकारच्या हाती एवढे चलन म्हणजे केव्हाही उसळू शकणारी महागाई. अखेर राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी तडजोड घडवली आणि १८ फेब्रुवारी १९७४ रोजी दिल्लीत भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा चेक ठेवला. जगातील सर्वांत मोठा चेक म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. उरलेले रुपये दूतावासाच्या खर्चासाठी व अन्य कामांसाठी राखले गेले.

त्या राखीव रुपयांच्या एका धाग्याचा शोध इतिहासप्रेमींना विशेष वाटावा. १९५८ च्या एका दुरुस्तीने या पैशातून पुस्तके विकत घेण्याची मुभा मिळाली होती. १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने दिल्लीत कार्यालय उघडले आणि मराठीसह भारतीय भाषांतील ग्रंथ व नियतकालिके शिकागो, बर्कली, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांकडे रवाना होऊ लागली. तेथील जुन्या मराठी पुस्तकांवर आजही ‘पीएल ४८०’ ची खूण आढळते. गव्हाच्या पैशाने मराठी वाङ्मय अमेरिकेत गेले. उलट दिशेने काय आले, तेही पाहावे. त्याच दशकांत औरंगाबादेत, बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनाशी जोडलेले म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख दलित लेखकांना करून दिली. १९७२ मध्ये, ऐन दुष्काळात, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. सरकारची अमेरिका आणि तिच्याशी झगडणाऱ्यांची अमेरिका, दोन्ही एकाच वेळी मराठवाड्यात पोहोचत होत्या. पहिलीने मिलो विकली, दुसरीने शब्द दिले.

राहिले गाजर गवत. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागकणांनी दमा उफाळतो, जनावरांनी ते खाल्ले तर दूध कडू होते. १९८० च्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा भारतात आणला गेला, कारण तो याच गवताची पाने खातो. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे मेक्सिकन भुंगे वाढवते, आणि पावसाळ्यात शेतकरी ते डब्यांतून घेऊन जातात, बांधावर सोडण्यासाठी.